२८२ गुण आणि बॅरिस्टरचा झगा

बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यास तोंडपाठ आहे. त्यांच्या मॅट्रिकच्या गुणपत्रिकेबद्दल मात्र आम्ही क्वचितच बोलतो. दरवर्षी निकाल लागले की काही मुले वकिलीचा अर्ज भरण्याचा विचारच मनातून काढून टाकतात. बारावीला गुण कमी, सीईटीत जेमतेम, मग काळा कोट आपल्या नशिबी कुठला, असे त्यांच्या घरीही ठरून जाते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र या एका बाजूने सांगावे असे आम्हांस वाटले.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण, म्हणजे शेकडा ३७.६. त्या काळची परीक्षा आणि आजची परीक्षा एका तराजूत घालता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही हा आकडा पालकांनी एकदा नीट पाहावा. कारण त्यामागे परळच्या चाळीतील एक खोली आहे. त्याच खोलीत चूल, जाते, सरपण आणि सारे कुटुंब. भीमराव संध्याकाळीच झोपत. पहाटे दोनच्या सुमारास सुभेदार रामजी मुलास उठवीत आणि मग स्वतः अंग टाकीत. पुस्तकांसाठी पैसे नसले, तर आपल्या विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने गहाण टाकण्यासाठी मागून आणीत. संस्कृत शिकण्याची मुलाची इच्छा होती, परंतु अस्पृश्य म्हणून ती दारे बंद झाली व फारसी घ्यावी लागली. गुणपत्रिकेवर यातले काहीच लिहिलेले नसते.

त्या २८२ गुणांचे कौतुक करण्यास सभा भरली. सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. केळुसकर गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. पुढील शिक्षण अडले तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात प्रा. म्यूलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. बी.ए. झाल्यावर १९१३ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

कोलंबियात प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले आणि १९१५ मध्ये एम.ए. पदरी पडले. पुढच्या वर्षी ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले आणि बॅरिस्टर होण्यासाठी नोव्हेंबर १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. तेथील पद्धत आपल्याहून वेगळी. ठरावीक सत्रे भरावी लागत, आणि सत्र भरले हे इनच्या भोजनगृहातील जेवणांच्या हजेरीवरून ठरे. जोडीला बारच्या परीक्षा आणि शुल्क. गावकुसाबाहेर ज्याच्या पूर्वजांना पंगतीत बसू दिले नव्हते, त्याने पंगतीच्या हजेरीवर बॅरिस्टर व्हायचे, हा योग आम्हांस विलक्षण वाटतो.

पण अडचण गुणांची नव्हतीच, पैशांची होती. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये दोन्ही शिक्षणे अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. ज्या बोटीने पुस्तके पाठविली होती ती युद्धात बुडाली. बडोद्यात नोकरी होती, पण राहण्यास जागा मिळेना. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन, माता रमाईंची काटकसर, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, अशी बेरीज करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढले. १९२२ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर केले. प्रवेश घेतल्यापासून साडेपाच वर्षे झाली होती.

मुंबईस परतल्यावर उच्च न्यायालयाची सनद काढण्यास पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले. जुलै १९२३ मध्ये वकिली सुरू झाली, आणि अशील मात्र येईनात. अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम देण्यास सॉलिसिटर नाखूश. पोटासाठी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवू लागले. १९२६ मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यात जेधे, जवळकर प्रभृतींची बाजू मांडून त्यांना सोडविले, तेव्हा नाव झाले.

आज कायद्याच्या पदवीसाठी बार कौन्सिलच्या नियमांनुसार बारावीस किंवा पदवीस खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यास ४० टक्के लागतात. ही अट आहे आणि ती पाळावीच लागते. मात्र तिच्या वर असलेली आपली मुलेही ५२ किंवा ५५ टक्क्यांना लाजून अर्ज भरीत नाहीत, हे आम्हांस पटत नाही. सीईटीत गुण मध्यम असले तर मुंबई-पुण्याच्या नामांकित महाविद्यालयांची यादी लांब राहील. तरी नाशिकमध्येही विधी महाविद्यालये आहेत, तेथील अर्ज भरावा. आपली सनद तेथूनही तीच मिळते.

आपल्या नाशिककरांना बाबासाहेब प्रथम आठवतात ते २ मार्च १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे सेनापती म्हणून. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी तो लढा पुढे पाच वर्षे नेटाने चालविला. जून १९३५ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. रमाईंना जाऊन तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. चार महिन्यांनी, १३ ऑक्टोबर रोजी, ते येवल्यात उभे राहिले आणि धर्मांतराची घोषणा झाली. म्हणजे येवल्यात बोलणारे बाबासाहेब त्या वेळी कायद्याच्या मुलांचे प्राचार्य होते.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा तेव्हाही चालूच होता. सवर्णांनी तो डिसेंबर १९२७ मध्ये लावला. महाडच्या कोर्टातून ठाण्यास, तेथून मुंबईस असा तो नऊ वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळे अस्पृश्यांना खुले राहिले. दाव्यातील प्रतिवादींत पहिले नाव भीमराव रामजी आंबेडकर यांचे होते.