दिल्लीकडे मागितले, ते गावालाही दिले



बियाण्याची, औजारांच्या अनुदानाची चौकशी करायला तुम्ही पंचायत समितीत येता. ही कचेरी तालुक्याला आली कशी? त्यासाठी यशवंतराव चव्हाणांकडे बघावे लागते.

यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 चा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी हलाखीत मुले वाढवली. कराडला शिकताना ते स्वातंत्र्य चळवळीत पडले, 1932 साली तुरुंगात गेले, 1942 साली भूमिगत राहिले. 1946 साली आमदार झाले आणि 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री.

मराठी माणसाला तेव्हा मुंबईसह आपले राज्य हवे होते. त्यापायी शंभरावर लोकांनी प्राण दिले. यशवंतरावांनी मात्र आधी देश, मग प्रांत अशी भूमिका घेतली. लोक चिडले. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस आपटली, त्यांची स्वतःची जागाही थोडक्यात वाचली. राज्य लढून मिळवले ते लोकांनी, हे विसरून चालणार नाही. पण द्विभाषिक चालणार नाही आणि मराठी राज्य झाल्याने देश दुबळा होणार नाही, हे दिल्लीच्या गळी उतरवण्यात यशवंतरावांचा वाटा मोठा होता.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. वाटणीचा चटका आपल्या भागालाही बसला. तोवर ठाणे जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला.

आता खरा मुद्दा बघा. राज्याने दिल्लीकडे हक्क मागायचा आणि गावाने मात्र मुंबईच्या तोंडाकडे बघत बसायचे, हे यशवंतरावांना पटणारे नव्हते. त्याच वर्षी वसंतराव नाईकांची समिती नेमली गेली, 1961 साली कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. जुनी लोकल बोर्डे गेली. शेती, शाळा, दवाखाने यांचा बराच कारभार निवडून दिलेल्या माणसांच्या हाती आला. त्याच वर्षी चीनच्या युद्धात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 25 नोव्हेंबर 1984 ला ते वारले.

सगळे काही साधले असे नाही. पैसा आणि हुकूम अजूनही बरेचसे वरूनच येतात. 2009 साली वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावे आत घ्यायची की नाही यावरून आपल्याकडे केवढे आंदोलन पेटले! प्रश्न तोच होता, आपल्या गावाचे कोणी ठरवायचे?

तेव्हा जिथे ग्रामपंचायत आहे, तिथे ग्रामसभा चुकवू नका. ग्रामसेवकांनीही कोरमापुरत्या सह्या घेऊन वही मिटू नये. वरच्याकडे हक्क मागायचा, तर हातात आहे तो आधी वापरला पाहिजे.