संमेलनाध्यक्षा लक्ष्मीबाई टिळक

स्मरणिकेसाठी लेख मागावयास चिटणीसबाई घरोघर फिरू लागल्या, की आपल्याकडे एकच उत्तर ठरलेले असते. मला कुठले लिहिता येते, शिकलेल्या बायकांना सांगा! वर्धापनदिनी चार शब्द बोला म्हटले तर पदर सावरत मागच्या रांगेत जाऊन बसणाऱ्या भगिनी आपल्यात थोड्या नाहीत. म्हणून यंदा अशा एका बाईचे चरित्र द्यावे असे योजिले, की जिने शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नाही, आणि तरी जी साहित्य संमेलनाची अध्यक्षा झाली. १९३३ साली नागपूरला मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद लक्ष्मीबाई टिळकांकडे होते. त्या काळी आपला बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. तेव्हा ही गोष्ट आपल्याच राजधानीत घडलेली आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरातली मनू. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेले धान्यसुद्धा धुतल्यावाचून घरात जात नसे. त्या पाण्याच्या आणि ओलेत्याच्या धाकात मुलीचे लहानपण गेले. लिहिण्यावाचण्याचा प्रश्नच नव्हता. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी, बुद्धिमान, मनाचे उदार, पण एका जागी स्थिर राहणे त्यांना माहीत नव्हते. आज नोकरी धरावी, उद्या सोडावी. हातात पैसा आला की गरजवंताला देऊन मोकळे व्हावे. आणि घरात मीठ आहे की नाही हे बायकोने पाहावे. अशा माणसाचा संसार करणे किती कठीण, ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक! बायकोने शिकावे अशी मात्र त्यांची फार हौस. अक्षरओळख त्यांनीच करून दिली, तीही लहरीप्रमाणे. चार दिवस शिकवायचे, रागवायचे, मग विसरून जायचे. जोडाक्षरांशी या बाईंची झटापट बरीच वर्षे चालली होती.

मग १८९५ चा फेब्रुवारी महिना उजाडला आणि टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी पाऊल टाकावे तर जात जाते, न टाकावे तर संसार जातो. त्या काळातील ब्राह्मणाच्या घरच्या बाईला हा पेच काय वाटला असेल, याची आपण कल्पनाच केलेली बरी. पुढची काही वर्षे त्या पतीपासून वेगळ्या, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पंढरपूरचे वास्तव्य याच काळातले. विशेष हे, की त्यांच्या तोंडून कविता येऊ लागली ती याच दुःखाच्या दिवसांत. गुरू नाही, वृत्तांचा अभ्यास नाही. जात्यावरच्या ओव्यांनी घडलेला कान होता, तोच कामी आला.

पुढे त्या पतीकडे परत आल्या, तरी सोवळे काही लगेच सुटले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. हा बदल कुणाच्या बळजबरीने झाला नाही. देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या, हे त्यांचे त्यांनाच विचार करता करता पटले, आणि १९०० साली त्यांनी दीक्षा घेतली. धर्मांतराबद्दल कुणाचे मत काहीही असो. पण स्वतः विचार करून मग पाऊल उचलण्याचा हा त्यांचा स्वभाव मला फार मोलाचा वाटतो. अहमदनगरला त्यांच्या घरी आल्यागेल्याला, अनाथ पोरांना आसरा असे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांचे नाव झाले ते बालकवी ठोंबरे याच घरी राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागविले. घरात सारखी कवितेची चर्चा. चुलीपाशी बसलेल्या या बाईंच्या कानावरही ती पडत होती. हेच त्यांचे कॉलेज म्हणावयाचे.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध काव्य रचण्यास त्यांनी घेतले होते, ते दहाअकरा अध्यायांवर थांबले. ज्या बाईला जोडाक्षर लिहिताना घाम फुटे, तिने ते पुढे चालविले! एक नाही, दोन नाही, चौसष्ट अध्याय रचले. हेच ते ‘ख्रिस्तायन’. इतक्या मोठ्या कामाला हात घालताना मन कचरले नसेल असे कोण म्हणेल? पण अपुरे राहिलेले काम हातावेगळे करण्याची सवय आपल्या बायकांना घरातच लागते. विणकाम अर्धे असो की वाळवण, सोडून उठवत नाही.

आता त्या नागपूरच्या सभेचा विचार करा. ख्रिस्ती मराठी वाङ्मय ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चे, ‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचे, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. अशा परंपरेच्या वारसांचे ते संमेलन, आणि अध्यक्षस्थानी पासष्ट वर्षांच्या लक्ष्मीबाई. पदवी नाही, इंग्रजी विद्या नाही. ज्या पुस्तकामुळे आज आपण त्यांना ओळखतो, त्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग अजून पुस्तकरूपाने निघावयाचा होता, तो निघाला १९३४ साली. म्हणजे अध्यक्षपद आधी आणि कीर्ती मागून! शिवाय नागपूर त्यांना परके नव्हते. टिळक श्रीमंत बुटींच्या पदरी ग्रंथांचे काम करीत असता याच शहरात त्यांनी संसाराचे हाल सोसले होते. ज्या गावात आपली ओळख केवळ एका लहरी कवीची बायको एवढीच होती, तेथेच चाळीस वर्षांनी विद्वानांना चार गोष्टी सांगावयास उभे राहावयाचे, हा प्रसंग लहान नव्हे.

‘स्मृतिचित्रे’ची भाषा वाचली म्हणजे त्यांच्या धैर्याचे मूळ कळते. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिणार, म्हणून त्याला उपयोगी पडाव्यात यासाठी या आठवणींना आरंभ झाला. कुठे अवघड शब्द नाही, आव नाही. ओसरीवर बसून सांगावे तसे त्यांनी सांगितले आहे. नवऱ्याची चूक दाखविली तीही हसत, आणि स्वतःची फजिती तर अगदी मीठमसाला लावून. मोठे लेखक जे घोटून घोटून लिहितात, ते या बाईंना बोलता बोलता साधले. शिक्षण नव्हते म्हणून साधले असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कान आणि मन दोन्ही त्यांनी जन्मभर उघडे ठेविले होते, याला शिक्षण नाही तर काय म्हणावे?

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई निवर्तल्या. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग त्यानंतर त्याच वर्षी बाहेर आला आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापले गेले. २०१७ साली शांता गोखले यांनी ‘स्मृतिचित्रे’ इंग्रजीत नेले. मंडळाच्या कपाटात मूळ मराठी प्रत आहे. चिटणीसबाईंकडे नाव नोंदवून न्यावी. दुपारच्या वाचनाला फार उत्तम आहे, मात्र चुलीवर दूध ठेवून वाचावयास बसू नये.