महात्मा जोतीराव फुले आणि शाळेची परीक्षा

परीक्षा विद्यार्थ्यांची होते हे आपण सारे जाणतो. परंतु शाळेचीही परीक्षा होत असते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात मंडळाचा निकाल लागला की आपल्या दौलतगंजात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. अमक्या शाळेचा निकाल शेकडा किती लागला, तमक्या शाळेची किती मुले प्रथम श्रेणीत आली, याचा हिशेब मांडला जातो आणि त्या एका आकड्यावरून शाळेची प्रत ठरते. हा निवाडा कितपत न्याय्य आहे? शाळा चांगली, हे कशावरून म्हणावे? ज्यांनी स्वतः शाळा काढल्या, त्या शाळांची परीक्षा भर सभेत देऊन दाखविली आणि पुढे सरकारी शिक्षणखात्याचीही परीक्षा घेतली, त्या महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रात या प्रश्नाचा विचार करावयास पुष्कळ सामग्री आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यास एका माळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे व मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पेशव्यांच्या काळात फुलांच्या व्यवसायामुळे घराण्याला फुले हे नाव पडले. मातोश्री चिमणाबाई जोतीरावांच्या अगदी बालपणीच निवर्तल्या. वडील गोविंदराव यांनी मुलास मराठी शाळेत घातले खरे; परंतु माळ्याच्या पोराला विद्या काय करावयाची, असे सांगणारे लोक त्या वेळी काही थोडे नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून मुलाचे नाव शाळेतून काढले गेले आणि त्याच्या हाती खुरपे आले. मुलाची बुद्धी मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. शेजारी राहणारे गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोन सज्जनांनी ती ओळखली, गोविंदरावांचे मन वळविले आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४७ च्या सुमारास त्यांचे इंग्रजी शिक्षण पुरे झाले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. मध्येच शाळा सुटलेला, वयाने वाढलेला, ज्याच्या घरी पुस्तक नाही असा मुलगा प्रवेश मागण्यास येतो. केवळ आपल्या निकालाचा आकडा जपणारी शाळा त्याला दारातूनच परत पाठवील. कारण असा मुलगा नापास होण्याचे भय अधिक. त्या दिवशी जोतीरावांना दार उघडे मिळाले, म्हणूनच पुढे हजारोंची दारे उघडली.

शिक्षण संपल्यावर लवकरच, १८४८ मध्ये, एका ब्राह्मण मित्राच्या विवाहाच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला. तो प्रसंग त्यांच्या मनात खोल रुतला. त्याच सुमारास त्यांनी अहमदनगर येथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली. समाजाच्या दास्याचे मूळ अविद्येत आहे आणि ती घालविण्याचा आरंभ स्त्रियांपासून व अस्पृश्य मानलेल्या जातींपासून झाला पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा उघडली. शिकविण्यास स्त्री मिळेना. तेव्हा त्यांनी आपली पत्नी सावित्रीबाई हिला स्वतः शिकवून शिक्षिका केले. सावित्रीबाई शाळेस जाताना रस्त्यात त्यांच्या अंगावर शेणमाती व खडे फेकले जात. १८४९ मध्ये लोकनिंदेला भिऊन गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. तरीही या दांपत्याने शाळांचे व्रत सोडले नाही. १८५१ व १८५२ या दोन वर्षांत बुधवार पेठ, रास्ता पेठ व वेताळ पेठ येथे मुलींच्या शाळा निघाल्या. महार-मांग मुलांसाठीही शाळा उघडल्या गेल्या. सदाशिवराव गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र या कामी त्यांच्या पाठीशी उभे होते, हेही नमूद केले पाहिजे.

या शाळांपुढे एक विलक्षण अडचण होती. मुली शिकूच शकत नाहीत, असे मानणारा समाज भोवती होता. शाळेत शिकवणे होते की नुसताच देखावा, असा संशय घेणारे होते. या संशयाला जोतीरावांनी वादविवादाने उत्तर दिले नाही. त्यांनी परीक्षाच सर्वांसमक्ष घेवविली. त्या काळी शाळांची वार्षिक परीक्षा प्रतिष्ठित मंडळींच्या उपस्थितीत घेण्याची रीत होती. १८५३ च्या फेब्रुवारीत पुण्यास मुलींच्या तिन्ही शाळांची जाहीर परीक्षा झाली. दोनशेहून अधिक मुली होत्या आणि ती पाहण्यास सुमारे तीन हजार लोकांचा समुदाय लोटला होता. ज्यांना अक्षरओळख होणे हेच पाप समजले जाई, त्या मुली चारचौघांत प्रश्नांची उत्तरे देत होत्या. त्याआधी १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यातील समारंभात पूना कॉलेजचे प्रमुख व मराठी कोशकार्यामुळे प्रसिद्ध असलेले मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सरकारतर्फे गौरव झाला होता. पुण्यातील एका इंग्रजी वृत्तपत्राने तर १८५२ मध्येच लिहिले होते की, या शाळांतील अध्यापन मुलांच्या सरकारी शाळांहून सरस आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जोतीराव परीक्षेचे वैरी नव्हते. ज्याला कोणी काही देत नाही, त्याला आपली योग्यता सिद्ध करण्यास परीक्षा हे साधन होते. परंतु त्यांच्या शाळांचे खरे यश त्या दिवसाच्या उत्तरांहून मोठे होते, आणि ते दोन वर्षांनी प्रकट झाले. मुक्ता नावाची मांग जातीची एक मुलगी या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकली होती. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत छापून आला. ज्या जातीची सावलीही लोक टाळीत, त्या जातीतील कोवळ्या वयाची मुलगी आपल्या लोकांवरील अन्यायाची कारणे विचारू लागली! मुक्ता कोठून निघाली आणि तीन वर्षांत कोठे पोहोचली, या अंतराची मोजदाद कोणत्या गुणपत्रकात करावयाची? शाळेची योग्यता जोखावयाची असेल, तर या अंतराकडे पाहिल्याखेरीज गत्यंतर नाही.

याच सुमारास विलायतेत शाळा मोजण्याची एक निराळीच रीत जन्मास आली. १८६२ च्या नियमांनुसार इंग्लंडातील प्राथमिक शाळांना मिळणारे सरकारी अनुदान बव्हंशी विद्यार्थ्यांच्या निकालावर ठरू लागले. निरीक्षकाने येऊन प्रत्येक मुलाचे वाचन, लेखन व गणित तपासावे आणि जितके विषय मुले नापास होतील, तितका पैसा शाळेला कमी मिळावा, अशी ती व्यवस्था होती. आपल्याकडे मुंबई इलाख्यातही त्याच दशकात अनुदानित शाळांना ही निकालावर पैसे देण्याची पद्धत लागू झाली. हेतू चांगला होता. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे गैर नव्हे. परंतु परिणाम चमत्कारिक झाला. मुलांना वाचनपुस्तक तोंडपाठ होईपर्यंत घोकविले जाऊ लागले आणि निरीक्षक जे विचारणार नाही, ते शिकविण्याची उमेद ओसरली. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळानिरीक्षक होते. त्यांनीच या पद्धतीवर आपल्या अहवालांतून सातत्याने टीका केली.

अशा स्थितीत १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी करण्यास आयोग नेमला गेला. त्या वेळी जोतीराव पंचावन्न वर्षांचे होते. सत्यशोधक समाजाची स्थापना होऊन नऊ वर्षे लोटली होती आणि पुणे नगरपालिकेच्या कारभाराचाही अनुभव त्यांच्या गाठीस होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. जन्मभर शाळांचा विचार केलेल्या माणसाने सरकारच्या शिक्षणव्यवस्थेची घेतलेली ती परीक्षाच होती.

त्यांनी पहिला प्रश्न शाळेबाहेरच्या मुलांचा काढला. इलाख्यातील दहापैकी सुमारे नऊ गावांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, हे त्यांनी आयोगाच्या निदर्शनास आणले. जी मुले वर्गात आहेत त्यांचे गुण मोजून शिक्षणखाते समाधान मानील. पण जी वर्गात आलीच नाहीत त्यांची गणना कोणी करावी? म्हणून सर्वांना निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे आणि लोकल फंडाचा अर्धा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवावा, अशी मागणी त्यांनी केली.

दुसरा प्रश्न तपासणीचा होता. वर्षातून एकदा येणारा डेप्युटी इन्स्पेक्टर शाळेला फारसा उपयोगी पडत नाही, असे त्यांचे मत होते. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि तीही काही वेळा पूर्वसूचना न देता व्हावी, असे त्यांनी सुचविले. या सूचनेतील मर्म सहज कळण्यासारखे आहे. ठरलेल्या दिवशी शाळा सजविता येते. परंतु एरवीच्या दिवसांची शाळा हीच खरी शाळा होय.

तिसरा प्रश्न शिक्षकाचा. खेड्यातील प्रशिक्षित शिक्षकास दरमहा किमान बारा रुपये व मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये वेतन असावे, आणि पुष्कळ मुले उत्तीर्ण करणाऱ्यास त्यावर काही अधिक भत्ता मिळावा, असे त्यांनी सुचविले. यातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी पोटापुरते निश्चित वेतन आणि मग चांगल्या कामाचे बक्षीस. निकाल घसरला म्हणून शाळेच्या मुळावरच घाव, असे नव्हे. शिवाय शिक्षक शेतकरी वर्गातूनही यावेत, प्रसंगी नांगराचा रुमणा हाती धरण्यास त्यांना लाज वाटू नये, असे त्यांना वाटे. कारण मूल कोठून येते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते किती पुढे गेले हेही कळते. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, असाही त्यांचा आग्रह होता.

सक्तीच्या शिक्षणाची त्यांची मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी याच हेतूने मांडलेले विधेयकही पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. आणि सबंध देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क १ एप्रिल २०१० पासून मिळाला. निवेदनाला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती. निकालावर पैसे देण्याची पद्धत १९०४ च्या सरकारी ठरावाने त्याज्य ठरविली. इंग्लंडातही ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडीत निघाली. पुढे २०१६ साली त्याच इंग्लंडाने माध्यमिक शाळांसाठी, प्राथमिक शाळेच्या शेवटी मूल कोठे होते आणि सोळाव्या वर्षी कोठे पोहोचले, हे मोजण्याची रीत सुरू केली. आपल्या देशात २०१५ साली आलेल्या शाळासिद्धी या मूल्यमापनातही विद्यार्थ्यांच्या संपादणुकीबरोबर त्यांच्या प्रगतीला स्थान दिलेले आहे. शाळा मोजणाऱ्यांना एवढे उमजण्यास दीर्घ काळ जावा लागला.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या ग्वाल्हेरीचाच विचार करा. एखाद्या मुलाच्या घरी मराठी किंवा कोकणी बोलतात, रस्त्यावर त्याच्या कानी हिंदी पडते आणि पुस्तकात ग्रंथांची भाषा भेटते. असा मुलगा सहावीत अडखळत वाचीत होता आणि दहावीत त्याने शेकडा पन्नास गुण मिळविले. दुसऱ्याच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत. तो पूर्वीही ऐंशीवर होता आणि आताही ऐंशीवर आहे. निकालपत्रात दुसरा वर दिसेल आणि त्याचे कौतुकही व्हावे. परंतु शाळेने कोणासाठी अधिक केले, हे निकालपत्र सांगणार नाही. पालकांनीही शाळा निवडताना, इतके गुण मिळाले एवढेच न पाहता, इतके अंतर चालविले का, हेही विचारावे. मात्र प्रगतीचे नाव पुढे करून आळसाला आसरा देऊ नये. जोतीरावांनी आपल्या विद्यार्थिनींना सवलत मागितली नव्हती. त्यांनी त्यांना तीन हजार लोकांसमोर उभे केले होते.

११ मे १८८८ रोजी मुंबईस झालेल्या सभेत जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहून आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांनी काढलेल्या शाळा काळाच्या ओघात राहिल्या नाहीत आणि त्यांच्या निकालाचे आकडे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. परंतु त्या शाळांतून शिकलेल्या एका मुलीचा निबंध आजही वाचला जातो. ज्या शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी आत आला होता त्याहून अधिक निर्भय, अधिक विचारी व इतरांच्या अधिक उपयोगी पडणारा होतो, ती शाळा उत्तीर्ण झाली असे समजावे. ती परीक्षा देण्यास शिक्षक व विद्यार्थी या दोघांनीही सदैव सिद्ध असावे, हाच महात्मा फुले यांच्या चरित्राचा बोध होय.