विल्यम कूपर

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातून मरी नदी वाहते. तिच्या काठी योर्टा योर्टा नावाचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्यात १८६० च्या सुमारास विल्यम कूपर यांचा जन्म झाला. ही सारी भूमी इंग्रजांनी आधीच आपली म्हणून जाहीर केली होती. मूळच्या लोकांशी सरकारने साधा करारही केला नव्हता.

कूपर यांनी मेंढ्यांची लोकर कातरली, घोडे वळविले, मोलमजुरी केली. वस्तीवरील शाळेत टॉमस जेम्स हे भारतीय वंशाचे शिक्षक होते. त्यांच्या सहवासात कूपर यांना विद्येची गोडी लागली व हक्कांची जाणीव झाली.

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाची राज्यघटना अमलात आली. देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरू नये, असे तीत लिहिले होते! आदिवासींनी कोठे राहावे, कोणते काम करावे, हे सरकारी मंडळे ठरवीत. कित्येक मुलांना तर आईबापांपासून हिरावून नेण्यात येई. कूपर यांचा एक पुत्र १९१७ मध्ये महायुद्धात कामी आला. तरीही पित्याची स्थिती पालटली नाही.

सरकारी वस्तीत राहणाऱ्या वृद्ध आदिवासींस निवृत्तिवेतन मिळत नसे. म्हणून सत्तरी ओलांडलेले कूपर १९३३ मध्ये मेलबर्नजवळील फुट्सक्रे येथे राहावयास गेले. तेथे त्यांनी इंग्लंडच्या राजाच्या नावे एक अर्ज तयार केला. आपल्या लोकांचा नाश थांबवावा, त्यांची स्थिती सुधारावी व संसदेत त्यांचा प्रतिनिधी घ्यावा, एवढेच त्यांचे मागणे होते. दूरदूरच्या वस्त्यांतून १,८१४ सह्या जमल्या. १९३७ मध्ये अर्ज सरकारकडे सादर झाला.

२६ जानेवारी १९३८ रोजी इंग्रजांच्या आगमनास १५० वर्षे झाली. देशभर उत्सव चालू असता कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीत शोकदिन पाळून नागरिकत्वाचे हक्क मागितले. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने तो अर्ज राजाकडे न धाडण्याचे ठरविले. २९ मार्च १९४१ रोजी कूपर निवर्तले.

१९६७ मध्ये देशाने मतदान केले. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांच्या संमतीने घटनेतील ते अन्यायकारक कलम गळले. मात्र संसदेस सल्ला देणारे आदिवासींचे मंडळ घटनेत आणण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये मतदारांनी नाकारला. ज्यांच्यासाठी कायदा करावयाचा, त्यांचे म्हणणे आधी ऐकावे, हे कूपर यांचे मागणे अद्याप पुरे झालेले नाही.