थोरांची ओळख : समाराचे मिर्झा शिराझी

या खेपेस आम्ही इराण-इराककडे वळलो आहोत. मिर्झा मुहम्मद हसन शिराझी हे शिया पंथाचे गाढे विद्वान. जन्म १८१५ साली, इराणातील शिराझ येथे. इस्फहानला अध्ययन करून ते इराकातील नजफला गेले आणि शेख मुर्तझा अन्सारी यांचे शिष्य झाले. १८६४ मध्ये गुरूंचे निधन झाल्यावर शिष्यमंडळींनी त्यांनाच पुढे केले.

नजफ हे शिया विद्येचे माहेरघर. तरीही १८७४ च्या सुमारास ते समाराला जाऊन राहिले. तेथे दहाव्या व अकराव्या इमामांच्या कबरी आहेत, पण वस्ती बहुतेक सुन्नी आणि राज्य तुर्कांचे. अशा गावी त्यांनी मदरसा उभारला. शिष्य मागोमाग आले. नुसते व्याख्यान देऊन ते उठत नसत. शिष्यांना शंका काढू देत, वाद घालू देत. ग्रंथलेखन मात्र त्यांच्या हातून बेताचेच झाले.

मार्च १८९० मध्ये इराणचे राजे नासिरुद्दीन शाह यांनी देशातील तंबाखूच्या खरेदी-विक्रीचा व निर्यातीचा मक्ता टॅल्बट नावाच्या इंग्रजाला पन्नास वर्षांसाठी दिला. शेतकरी आणि व्यापारी हवालदिल झाले. शिराझींनी घाई केली नाही. आधी शाहांना कळवून मक्ता रद्द करण्याची विनंती केली. उपयोग झाला नाही. डिसेंबर १८९१ मध्ये त्यांच्या नावाने फतवा निघाला, तोही एक-दोन ओळींचा : तंबाखूचे सेवन निषिद्ध. मसुदा कोणाचा, यावर वाद आहे. पण त्यांनी तो नाकारला नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. हुक्क्यावाचून ज्यांचे पान हलत नसे त्यांनी हुक्के फोडले. शाहांच्या राणीवशातही हुक्का बंद झाला, असे सांगतात. जानेवारी १८९२ मध्ये मक्ता पूर्ण रद्द झाला आणि बंदी उठली. ही जीत फुकट मिळाली नाही. कंपनीला भरपाई म्हणून पाच लाख पौंड द्यावे लागले, त्यासाठी इराणने कर्ज काढले.

फेब्रुवारी १८९५ मध्ये समारातच त्यांचे निधन झाले; दफन नजफला झाले. गुरू गेले आणि मदरशाची रया गेली. बहुतेक शिष्य नजफ-करबलाला परतले. समारात शिकलेल्या अब्दुल करीम हायरी यांनी पुढे १९२२ मध्ये इराणातील कुम येथे विद्यापीठाची नव्याने घडी बसवली. ते आजही चालू आहे.