मुलांना घेऊन चित्र पाहायला गेलेला माणूस

१९१०-११ च्या सुमारास एक चाळिशीचा गृहस्थ आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेला. पडद्यावर जनावरे हलता-चालताना पाहून मुलगा हरखला आणि घरी येऊन आईला सांगत सुटला. कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सारे कुटुंबच निघाले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचे चित्र लागले होते. ते पाहता पाहता त्या गृहस्थाच्या डोळ्यांपुढे आपले राम आणि कृष्ण उभे राहिले. पोराबाळांना शहरातले नवे आश्चर्य दाखवायला नेणारे हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब म्हणू लागला.

आमच्या नवी मुंबईत रविवारी मुलांना कुठे न्यायचे, हा घरोघरचा प्रश्न आहे. नेरुळच्या वंडर्स पार्कमधल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती पाहून झाल्या की पावले एखाद्या मॉलमधल्या अंधाऱ्या दालनाकडे वळतात. तिथे भिंतीवर मासे पोहतात, जमिनीवर पाऊल पडले की पाण्यात तरंग उठतात, हात लावला की फूल उमलते. मुले खूश होतात. त्यात गैर काहीच नाही. पण तासाभराने तिकीट संपते आणि हे कसे घडले, याचा विचार कोणी करताना मला दिसत नाही. फाळक्यांची गोष्ट मला आठवते ती इथे.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने आधी बरेच काही करून पाहिले होते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ. तिथेच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेले. पुढे पुराणवस्तू खात्यातली नोकरी, मग छापखाना आणि भागीदारांशी बेबनाव. मध्यंतरी ते जादूचे प्रयोगही करीत. फाळके हे आडनाव उलटे वाचून त्यांनी नाव घेतले होते प्रोफेसर केळफा. जादूगाराला दुसऱ्याची जादू पाहून नुसत्या टाळ्या वाजवता येत नाहीत. त्यामागची करामत कळेपर्यंत त्याला चैन पडत नाही.

तसेच झाले. रोज चित्रे पाहायची आणि घरी येऊन रिळांशी झटायचे, असा क्रम सुरू झाला. डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परतली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठले, तिथे तंत्र पाहून घेतले आणि विल्यम्सन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली. परतल्यावर कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर क्षणात रोप वर आले. हे पाहून पैसे घालणारी माणसे तयार झाली.

दादरचे राहते घर हाच कारखाना झाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री अंधारात फिल्मला भोकेही पाडली. रोहिदासाच्या कामासाठी कोणी आपला मुलगा देईना. वनवास आणि मरण दाखवायचे म्हणजे अपशकुन! तेव्हा भालचंद्रच रोहिदास झाला. वांगणीच्या चित्रीकरणाच्या दिवसांत खेळताना तो खडकावर पडला, डोक्याला लागले आणि शुद्ध हरपली. पटात रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग होताच. बापाने औषधोपचार केले आणि मुलगा बेशुद्ध असतानाच तो प्रसंग टिपून घेतला, असे चरित्रकार सांगतात. हे वाचताना अंगावर काटा येतो. कौतुक करावे की राग धरावा, ते मला आजही ठरवता आलेले नाही. एवढे मात्र खरे, की या ध्यासाची किंमत साऱ्या घराने मोजली, आणि त्यात न विचारता ओढली गेलेली मुलेही होती.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे नाशिक, ‘लंकादहन’, हिंदुस्थान फिल्म कंपनी, कीर्ती आली. मतभेद आणि ओढगस्तही आली. बोलपटांच्या जमान्यात फाळके मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा त्यांच्या मागे फारशी माया उरली नव्हती.

पण १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बऱ्याच अंशी टिकून आहे. त्यात कृष्ण झाली आहे त्यांची लेक मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी ती चिमुरडी पडद्यावर हसते, रुसते, रागावते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. आपण लहान मुलीला पाहत आहोत, हे फाळक्यांनी प्रेक्षकांपासून लपवले नाही. उलट जादू कुठे सुरू होते, ते दाखवून दिले. मुलांना आश्चर्य दाखवणारे आईबाप पुष्कळ असतात. त्यातली करामत उघडी करून मुलांच्या हाती देणारा बाप विरळा, आणि मला वाटते, तिकिटाबरोबर आपण मुलांना द्यावे ते हेच.