अमानत सांभाळणारा शिक्षक : अबुबकर तफावा बलेवा

सत्ता ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे, हे आपण जुम्याच्या खुतब्यांतून वारंवार ऐकतो. पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोहोचविण्याची आज्ञा आहे आणि त्याच आयतीत लोकांमध्ये निवाडा करताना न्याय करण्याचीही आज्ञा आहे. या दोन आज्ञा एकत्र का आल्या असाव्यात, याचा विचार करताना पश्चिम आफ्रिकेतील एका मुस्लिम नेत्याचे जीवन डोळ्यांसमोर उभे राहते. नायजेरियाचे पहिले पंतप्रधान अल्हाजी अबुबकर तफावा बलेवा हे ते नेते होत.

बलेवा यांचा जन्म डिसेंबर 1912 मध्ये उत्तर नायजेरियातील बाउची प्रदेशात झाला. ज्या गावाचे नाव त्यांच्या नावाला जोडले गेले, त्या तफावा बलेवाचा अर्थ काळा खडक असा सांगितला जातो. उत्तरेत त्या काळी अमीर आणि सरदार घराण्यांचे वर्चस्व होते. बलेवा यांचे वडील अशाच एका अधिकाऱ्याच्या पदरी सेवेत होते. घराण्याचा मान नाही, संपत्ती नाही, गेरेसारख्या लहानशा जमातीत जन्म. अशा मुलाच्या वाट्याला राज्यकारभार येईल, असे कोणालाही वाटले नसते. त्यांना पुढे नेले ते विद्येने. प्रथम कुरआनचे शिक्षण, मग गावची शाळा, त्यानंतर बाउचीची शाळा आणि 1928 पासून कात्सिना कॉलेज, असा त्यांचा प्रवास झाला. 1933 मध्ये शिक्षक होऊन ते बाउचीला परतले आणि पुढे तेथेच मुख्याध्यापक झाले.

याच सुमारास हौसा भाषेत ग्रंथनिर्मिती व्हावी म्हणून एक लेखनस्पर्धा घेण्यात आली होती. तरुण बलेवांनी तिच्यासाठी ‘शैहू उमर’ ही लघुकादंबरी लिहिली. ती 1934 मध्ये प्रकाशित झाली. उमर नावाचा मुलगा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडतो, सहारा ओलांडून इजिप्तपर्यंत नेला जातो, तेथे विद्या संपादन करतो आणि अखेर आलिम होऊन आपल्या प्रदेशात परततो. त्याच्या शोधात निघालेली आई मात्र स्वतःच गुलामगिरीत अडकते. या कथेत सब्र आहे, ईमान आहे. त्याचबरोबर मुस्लिम म्हणविणाऱ्यांनीच मुस्लिमांच्या मुलांची विक्री केल्याचे जळजळीत वास्तवही आहे. आपल्याच समाजाचे दोष झाकून न ठेवण्याचा हा स्वभाव त्यांच्या पुढील आयुष्यातही दिसतो.

1945 मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेत गेले. परतल्यावर शिक्षण खात्यात अधिकारी झाले, आणि 1946 मध्ये उत्तर प्रांताच्या विधिमंडळात व पाठोपाठ लागोस येथील मध्यवर्ती विधिमंडळात त्यांचा प्रवेश झाला. 1950 साली त्यांनी उत्तरेच्या विधिमंडळात अमीरांच्या कारभाराची चिकित्सा करणारे गाजलेले भाषण केले. स्थानिक कारभारातील लाचलुचपत, मनमानी आणि अधिकाऱ्यांच्या मर्यादा निश्चित नसणे यांवर बोट ठेवून त्यांनी चौकशीची मागणी केली. सामान्य कुळातील एका शिक्षकाने समोर बसलेल्या सत्ताधाऱ्यांना असे सुनावणे, ही धैर्याची गोष्ट होती. अन्यायी सत्तेसमोर सत्य बोलणे हा श्रेष्ठ जिहाद होय, या प्रेषितांच्या (स.) शिकवणीचा वारसा तो हाच.

नायजेरिया हा देश इंग्रजांनी 1914 मध्ये दोन वसाहती जोडून निर्माण केला होता. त्यात अडीचशेहून अधिक जनसमूह होते. उत्तरेत प्रामुख्याने हौसा व फुलानी मुस्लिम, पश्चिमेत योरुबा, पूर्वेत प्रामुख्याने ख्रिस्ती इग्बो. हे सारे कधी एक राष्ट्र होतील, याविषयी 1948 मध्ये बलेवांनी स्वतःच उघडपणे शंका व्यक्त केली होती. तथापि मंत्री म्हणून काम करू लागल्यावर त्यांचे मत बदलत गेले. 1955 मध्ये जलवाहतुकीच्या अभ्यासासाठी ते अमेरिकेला गेले. निरनिराळ्या देशांतून आलेले लोक एका राष्ट्रात कसे नांदतात, हे तेथे पाहून एकसंध नायजेरियावरील त्यांचा विश्वास दृढ झाला. पुरावा समोर आल्यावर मत बदलण्यात कमीपणा मानू नये, हे त्यांनी आचरणातून दाखविले.

1957 मध्ये ते संघराज्याचे पंतप्रधान झाले. उत्तरेतील त्यांच्या पक्षाचे अध्यक्ष अहमदू बेलो यांनी कादुना येथे राहून प्रांताची धुरा सांभाळणे पसंत केले होते. बलेवांनी पहिल्या मंत्रिमंडळात प्रमुख पक्षांना सामावून घेतले, कारण स्वातंत्र्याची वाट सर्वांनी मिळून चालावी अशी त्यांची इच्छा होती. 1 ऑक्टोबर 1960 रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला आणि त्याच आठवड्यात संयुक्त राष्ट्रांचा 99 वा सदस्य बनला.

त्यांच्या कारकिर्दीतील कामे आजही दिसतात. 1960 ते 1962 या दोन वर्षांत केंद्र व प्रांतांच्या प्रयत्नांतून एन्सुका, झारिया, इफे व लागोस येथे नवी विद्यापीठे उभी राहिली. नायजर नदीवरील कैंजी धरणाचे काम 1964 मध्ये सुरू झाले. फ्रान्सने सहारा वाळवंटात अणुचाचण्या चालू ठेवल्या तेव्हा बलेवा सरकारने जानेवारी 1961 मध्ये फ्रान्सशी राजनैतिक संबंध तोडले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीला त्यांनी विरोध केला. काँगोमध्ये शांतता राखण्यासाठी नायजेरियाचे सैनिक गेले. मे 1963 मध्ये अदिस अबाबा येथे आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत बलेवा होते. ब्रिटनशी केलेल्या संरक्षण कराराविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा 1962 मध्ये तो करार रद्द करण्यात आला.

व्यक्तिगत जीवनात हा मनुष्य साधा राहिला. आठ वर्षांहून अधिक काळ पंतप्रधानपद भूषवूनही त्यांनी मागे संपत्ती ठेवली नाही. त्यांच्या मंत्रिमंडळातील काही सहकाऱ्यांच्या श्रीमंतीची चर्चा देशभर होत असताना, विरोधकांनीही बलेवांच्या हातांवर डाग दाखविला नाही. अमानतीच्या आज्ञेचा पहिला भाग त्यांनी असा पाळला.

परंतु चरित्र म्हणजे केवळ स्तुती नव्हे. आयतीचा दुसरा भाग न्यायाचा आहे, आणि तेथे त्यांची परीक्षा फार कठीण ठरली. 1962 मध्ये पश्चिम प्रांताच्या विधिमंडळात सत्ताधारी पक्षाच्या दोन गटांत हाणामारी झाली. केंद्राने तेथे तत्काळ आणीबाणी लागू केली आणि प्रांताचा कारभार आपल्या हाती घेतला. विरोधी नेते ओबाफेमी आवोलोवो यांना पुढील वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगवास झाला. ऑक्टोबर 1965 मध्ये त्याच प्रांतात निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. या वेळी मात्र आणीबाणी लागू झाली नाही, कारण तेथे सत्तेवर असलेला पक्ष केंद्रातील सत्ताधाऱ्यांचा मित्र होता. लोकांना यात दोन मापे दिसली. घेताना पुरते मोजणारे आणि देताना कमी भरणारे माप केवळ बाजारातच असते असे नाही, राज्यकारभारातही असते. युतीची गणिते आणि पक्षाची बंधने यांमुळे बलेवांचे हात बांधलेले होते, हे इतिहासकार सांगतात. तरीही ज्याच्याकडे अधिकार आहे त्यालाच जाब द्यावा लागतो.

जानेवारी 1966 मध्ये लागोस येथे राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद भरली. अशी परिषद लंडनबाहेर भरण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांची राजवट हा तिचा विषय होता. 12 जानेवारीस परिषद संपली. 15 जानेवारीच्या पहाटेपूर्वी काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केले. तो हिजरी 1385 चा रमजान होता, आणि रमजानचे अखेरचे दहा दिवस चालू होते. बलेवांना त्यांच्या निवासस्थानातून नेण्यात आले. काही दिवसांनी लागोसपासून अबेओकुटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांचा मृतदेह सापडला. त्याच रात्री कादुनात अहमदू बेलो यांचीही हत्या झाली होती. बलेवांना बाउचीत दफन करण्यात आले. आज तेथे त्यांची कबर आहे, त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे आणि पाच नायराच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.

यानंतर जे घडले, ते सांगितल्यावाचून हे चरित्र पूर्ण होत नाही. बंडखोर अधिकाऱ्यांपैकी बहुतेक इग्बो होते. त्याचा सूड त्याच वर्षी उत्तरेत राहणाऱ्या हजारो निरपराध इग्बो स्त्रीपुरुषांवर उगविण्यात आला. कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, ही कुरआनची स्पष्ट शिकवण असताना हे घडले. ज्या नेत्याने आयुष्यभर या सर्व जनसमूहांना एका घरात बांधण्याचा यत्न केला, त्याच्या हत्येचा सूड म्हणून ते घरच पेटविले गेले. 1967 ते 1970 या काळातील बिआफ्राच्या युद्धात आणि त्यातील उपासमारीत असंख्य जीव गेले. आपल्या माणसाच्या रक्ताचे दुःख खरे असते. पण त्या दुःखाने निरपराध्याचे रक्त हलाल होत नाही. बलेवांवर प्रेम करणाऱ्यांनीच हे विसरावे, याहून मोठी शोकांतिका कोणती?

या जीवनातून आपण काय घ्यावे? सार्वजनिक पैशाला हात न लावणारा नेता मिळणे ही अल्लाहची मोठी कृपा आहे, आणि असे नेते नेहमीच थोडे असतात. परंतु स्वतःचे हात स्वच्छ ठेवणे ही अमानतीची सुरुवात होय. आपल्या पक्षाच्या, आपल्या नात्यातल्या, आपल्या बाजूच्या माणसालाही तेच माप लावणे, हा तिचा कठीण भाग आहे. मशिदीचा मुतवल्ली असो, शाळेचा मुख्याध्यापक असो वा गावचा सरपंच असो. हिशेबाची वही स्वच्छ असूनही निवाडा एकतर्फी झाला, तर अमानत अर्धीच पोहोचली असे समजावे.

अल्लाह अबुबकर तफावा बलेवा यांच्या चुका माफ करो, त्यांच्या प्रामाणिकपणाचे उत्तम फळ त्यांना देवो, आणि आपल्या हाती जी लहानमोठी अमानत आहे ती न्यायासह सांभाळण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांस देवो. आमीन.